चौकड्याचा शर्ट

जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात मी अर्धं आयुष्य कापड फाडण्यात घालवलं. देवानं चेहरा असा दिलाय की गिऱ्हाईक मला शेजारचा, मावसभाऊ, नाहीतर एसटीत भेटलेला कुणीतरी समजतं. धंद्याला हे फार बरं. पण याच चेहऱ्यापायी मला एकदा तुरुंगात जावं लागलं, आणि ती हकीकत आमच्या घरी अजून पाहुण्यांना चहाबरोबर वाढली जाते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. भर सकाळी तहसीलचा शिपाई दुकानात आला. तुरुंगात ओळख परेड होती. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पाच-सहा माणसांत उभं करायचं आणि साक्षीदारानं त्याला ओळखून काढायचं, असा तो प्रकार. शिपायाला तिशीची, सावळी, मिशीवाली माणसं हवी होती. शेठ गादीवरून न उठताच म्हणाले, "याला न्या. पण जल्दी परत पाठवा, लग्नसराई हाय."

रस्त्यानं शिपायानं सगळं सांगितलं. अंबडच्या बाजारातून सायकलवर घरी निघालेल्या एका शेतकऱ्याला अंधारात कुणीतरी डोक्यात मारलं, घड्याळ आणि पैसे नेले. चोराच्या अंगात चौकड्याचा शर्ट होता, एवढं त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कारखान्याला ऊस वाहणारा एक गाडीवान चौकड्याच्या शर्टात सापडला. त्याच्याकडं ना घड्याळ निघालं, ना पैसे. "आता सारं ह्या ओळखीवर हाय," शिपाई म्हणाला. "बोट ठेवलं की गेला समजा पाच-सात वर्सं."

तुरुंगाच्या भिंतीच्या सावलीला एक बाई बसली होती. मांडीवर लेकरू, पुढ्यात फडक्यात बांधलेली भाकर. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, "तेंला आज सोडतेत का?" मी मान खाली घालून आत शिरलो.

आत गाडीवानाचा शर्ट पाहिला आणि मला हसूच आलं. तो तपकिरी-पिवळा चौकडा गेल्या दिवाळीला मीच खपवला होता, तागेच्या तागे. अंबडपासून भोकरदनपर्यंत अर्धा जिल्हा त्या चौकड्यात हिंडत होता. शर्टावरून माणूस धरायचा तर आधी गिऱ्हाइकांची रांग लावावी लागली असती, आणि विकणारा म्हणून पहिला नंबर माझा.

परेड घेणारे नायब तहसीलदार शिस्तीचे होते. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं आणि आरोपीला म्हणाले, "पाहिजे त्या जागी उभा राहा. कुणाशी कपडे बदलायचे असतील तर बदल." गाडीवानानं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि माझ्यापाशी आला. "भाऊ, तुमचा शर्ट देता का?"

माझा पांढरा टेरिकॉट नुकताच शिवलेला, कडक इस्त्रीचा. त्याचा कोठडीतल्या घामानं ताठ झालेला. खरं सांगतो, जिवावर आलं. पण बाहेरची बाई डोळ्यापुढं होती. मी नाक मुरडत तो चौकडा अंगात घातला.

मग साक्षीदार आला. डोक्याला अजून पट्टी होती. रांगेच्या टोकाशी उभं राहून त्यानं एक नजर टाकली आणि मध्ये कुठंही न थांबता सरळ येऊन माझ्या छातीवर हात ठेवला.

"ह्योच. बिलकुल ह्योच हाय. डोळ्यांवरनं वळखलं म्या."

"घाई नाही. नीट बघा," नायब तहसीलदार म्हणाले.

"सायब, ह्याला मी मरंपरेंत इसरनार न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. खरं तर मी हसायला हवं होतं. पण त्या बाजाराच्या रात्री आपण कुठं होतो ते मी आठवायला लागलो. आठवेना. दुकानात? घरी? मित्राबरोबर चहाला? काही केल्या आठवेना.

शर्ट परत बदलताना मी पुटपुटलो, "मला तर सांगताच आलं नसतं, कुठं होतो ते."

गाडीवान माझ्या शर्टाची घडी घालत होता. "मला बी न्हाई आठवत भाऊ. रोज इचारतेत, अन् रोज येगळंच तोंडात येतं. मंग म्हनतेत, खोटं बोलून राह्यला."

घरी आल्या आल्या मी बायकोला विचारलं, "मागच्या महिन्यात, अंबडच्या बाजाराच्या रात्री मी घरी होतो का?"

"काय माहीत," ती म्हणाली. "आले असाल. भाकरी तर रोजच संपतेत."

"तुझ्या असल्या साक्षीनं मी फासावर जाईन," मी चिडून म्हणालो. सगळं ऐकल्यावर ती डोळ्याला पदर लावून हसली. त्या दिवसापासून रोज जेवताना मी तिला सांगायला लागलो, "आज मी घरी जेवलो, ध्यानात ठेव." ती म्हणायची, "ठेवलं. भाकर घ्या अजून."

नायब तहसीलदारांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं. खटल्यात दुसरं काही नव्हतं आणि गाडीवान निर्दोष सुटला. त्या शेतकऱ्याचा चोर काही सापडला नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्याच्याऐवजी भलताच माणूस आत गेला नाही, याचा आनंद त्याहून मोठा आहे.

पुढच्या दिवाळीच्या आधी तो गाडीवान दुकानात आला. बरोबर ती बाई, आणि लेकरू आता चालत होतं. माझं मन भरून आलं. मी त्यांना गादीवर बसवलं, चहा सांगितला, आणि चिडवायची संधी थोडीच सोडणार?

"दाखवू का चौकडा?"

"चौकडा सोडून काहीबी दाखवा, भाऊ."

तो पोटभर हसला. शेठही हसले. मी पांढऱ्या कापडाचा तागा उलगडला. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "तुमीच सांगा भाऊ ह्यायला. सुटून आल्यापासून खूळ लागलंय. रोज दिवा मालवायच्या आधी म्हनतेत, मी घरी हाय, ध्यानात ठेव."

मोजता मोजता माझा हात थांबला. मी घरी ते गमतीनं म्हणत होतो. त्याच्याकडं पाहिलं, तर तो कापडाचा पोत बोटांनी चाचपत होता आणि आता हसत नव्हता. मी मापापेक्षा चार बोटं जास्तच कापड फाडलं.

"मग तुम्ही काय म्हणता?" मी बाईला विचारलं.

"काय म्हननार? ठेवलं म्हनते. ऐकलं की मंगच झोपतेत."