निपाणीच्या दुकानाचा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी वजनकाट्यावरचा आकडासुद्धा लपवत नाही.

परवा मुलगी फोनवरची बातमी वाचत होती. अमक्या व्हिडिओ गेमच्या म्हणे इतक्या लाख प्रती विकल्या गेल्या. मी खेकसलो, "विकल्या, की दुकानात नुसत्या पाठवल्या? मोजल्या कुणी?" ती बघतच राहिली. एवढं चिडायला काय झालं? झालं असं, की मोजणाऱ्यांपैकी एक मी होतो.

तेव्हा गेम डिस्कवर मिळायचे. एका बाजारपाहणी कंपनीसाठी मी बेळगाव-निपाणीतल्या मोजक्या दुकानांना दर महिन्याला विचारायचो — कुठला गेम किती खपला? त्यावरून अख्ख्या भागाचा अंदाज बांधायचे. विचारायची चार दुकानं, आणि छापायचं असं, जणू प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे कुणी उभं होतं! वैताग यायचा. पण ती पद्धत माझी नव्हती. माझं जे आहे, ते पुढे आहे.

निपाणीला आप्पांचं दुकान होतं. त्यांचा माल कोल्हापूरच्या वितरकाकडून यायचा. खोकं कोल्हापुरातून हललं, की वितरक ते 'विकलं' म्हणून आमच्या कंपनीला कळवायचा. आप्पा मात्र गिऱ्हाइकाच्या हातात पडलेलीच डिस्क विकलेली धरायचे. मग दोन्ही आकडे जुळणार कसे? जुळायचे — कारण निपाणीला जायचा मला कंटाळा होता. घरी बसून वितरकाचाच आकडा मी आप्पांच्या नावावर भरायचो. होय, मीच. दुसऱ्याच्या बेरजेवर बोट ठेवणारा.

एकदा मात्र गेलो. आप्पांनी फळीवरची खोकी दाखवली. "सायेब, निम्मा माल तसाच पडलाय बघा. खपलाच न्हाय, तर खपला म्हणू व्हय?" मी त्यांचा आकडा जसाच्या तसा पाठवला. लगेच ऑफिसचा फोन — एवढा फरक कसा? आजवर तर बरोबर जुळत होतं!

उत्तर एका वाक्याचं होतं. आधीचे आकडे मी दुकानात न जाता भरलेत. काय झालं असतं? ते काम सुटलं असतं, बस्स. घर त्यावर चालत नव्हतं. पण मी म्हणालो — दुकानदार विक्री लपवतो. कर चुकवत असेल, असंही वर जोडलं. तेवढं तर कुणी विचारलंही नव्हतं.

ते बोलणं वितरकापर्यंत गेलं. माल खपवून हा आपले पैसे थकवतोय, असं त्यानं धरलं. उधारीवर माल देणं थांबवलं, पडून राहिलेली खोकी परत घेईना. दुकान बसलं. आप्पा आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर राखणीला असतात.

हल्ली गेम थेट डाउनलोड होतात. कंपन्या फुगतो तो आकडा जाहीर करतात, पडतो तो गिळून टाकतात. मी चिडतो त्यांच्यावर. कुठल्या तोंडानं?

गेल्या आठवड्यात आप्पा भेटले. चहा त्यांनीच पाजला.

"त्या कोल्हापूरवाल्यानं मला खोटारडा ठरवलं बघा," ते म्हणाले. "तुमी तेवढं खरं लिवलं असणार. व्हय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."