सशाची आंघोळ

मेंढरं विकून सिदू सोलापुरात आला, चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन झाला, तरी त्याचे हात लोकरीचेच राहिले होते.

उन्हाळा लागताच लेकीच्या सशाचे केस गळू लागले. भाकरीतसुद्धा केस निघाला, तेव्हा बायको, रुपाली, वैतागली. "द्या कुणाला तरी हे," म्हणाली. लेक, सृष्टी, रडवेली झाली.

"रडतीस कशाला? जलम गेला की माजा लोकर काढण्यात," सिदू म्हणाला. "ह्ये तर मुठीएवडं हाय."

कातरण्याआधी मेंढी धुवायची, ही त्याच्या घरची रीत. सृष्टी शाळेत गेल्यावर त्यानं ससा बादलीत बुडवून चोळचोळून धुतला आणि कंगवा फिरवला. केसांचे पुंजके निघत होते. ससा गप्प पडून होता. सिदूला वाटलं, बरं वाटतंय त्याला. मग कान गार लागले. त्यानं घाईनं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला, पण ससा उबेला आलाच नाही.

"आप्पा, सशाला आंघोळ घालत नसतात," शाळेतून आल्यावर सृष्टी हळूच म्हणाली. "घाबरूनच मरतो तो. मला विचारायचं की."

"मेंढीला काय बी होत न्हाय गं."

संध्याकाळी खड्डा त्यानंच खणला. ससा मात्र तिनं त्याच्या हातात दिला नाही.