चौथा सापळा

आमच्या घरात सापळ्याचं नाव घ्यायचं नाही, हा आईचा कायदा. उंदराला माणसाचं बोलणं कळतं, आपण बेत बोलून दाखवला की तो त्या वाटेला फिरकत नाही, हे तिचं पक्कं मत. वेचलेला कापूस घरात आला आणि त्याच्या मागोमाग उंदीर आले, की ती संध्याकाळी भाकरीचे तुकडे तेलात बुडवायची. लाकडी फळीचे चार सापळे पदराखाली धरून गुपचूप कुठं कुठं ठेवून यायची. कुठं, ते कुणी विचारायचं नाही.

यातूनच आमचा खेळ निघाला. सकाळी चहाला बसलं की प्रत्येकानं एकेक जागा सांगायची. ज्याच्या जागेवर उंदीर निघेल त्याला दुधावरची साय. दादा, म्हणजे माझे वडील, बहुतेक वेळा जिंकायचे, कारण ते बाजेवर पडल्या पडल्या स्प्रिंगचा आवाज ऐकायचे. नुसतं खट् झालं तर कोठीत, सोबत पत्रा वाजला तर न्हाणीपाशी. ही सरळसरळ लबाडी होती आणि मला तिचा राग यायचा. मेलेल्या उंदरावर साय जिंकणारं घर अख्ख्या तालुक्यात दुसरं नसावं.

मागच्या वर्षी दादांच्या डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. साखरेनं त्यांचे दोन्ही पाय बधिर झालेत. चपलेतून खिळा वर आला होता, ते दिवसभर त्याच्यावर चालले आणि त्यांना पत्ताच नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल. तेव्हापासून मी गावी गेलो की आधी त्यांचे पाय बघतो, मग तोंड. आणि हे गृहस्थ घरात अनवाणी. काही बोलावं तर म्हणतात, "घरात देव हायेत. चप्पल घालून कसा फिरू?"

त्या दिवशी बहिणीला शहागडला अचानक कळा सुरू झाल्या. तिच्या सासरी बाईमाणूस नाही, म्हणून आई उजाडताच मिळेल त्या जीपनं निघाली. दादांना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून मी ड्युटी टाकून एमआयडीसीतून मोटारसायकलवर गावी आलो. दारातून आत पाऊल टाकलं, कापसाचा ढीग दिसला आणि सापळे आठवले.

"दादा, आईनं रात्री सापळे लावले होते का?"

"लावले ना. पदराखाली भाकर घेऊन गेल्ती."

"मग सकाळी उचलले का?"

"लेकीच्या कळा सोडून उंदरं बघत बसंल काय ती?"

ते बाजेवरून पाय खाली सोडतच होते. मी ओरडलो. त्यांचे पाय उचलून परत बाजेवर ठेवले आणि बजावलं, मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. "उंदीर धरायचाय का मला?" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

आईला फोन लावला तर तो तिच्याच उशीखाली वाजला. मेव्हण्याचा बंद. मग मी काठी घेतली. कापसाच्या ढिगाची कड चाचपत गेलो, तर मागच्या बाजूला फळी खाडकन मिटली. काठीच्या टोकाचा चक्क चुरा झाला. तिथं बोट असतं तर, असं मनात आलं. दुसरा कोठीत पोत्यांच्या थप्पीमागं निघाला, तिसरा वर माळ्यावर. चौथा काही सापडेना.

दादा जिथं जिथं पाय टाकतात ती सगळी भुई मी रांगत पाहिली. बाजेखाली, न्हाणीची वाट, देवापुढचा पाट, उंबऱ्याच्या दोन्ही बाजू. स्वयंपाकघर तेवढं शेवटासाठी ठेवलं. तिकडं दादा कधी फिरकतच नाहीत, त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो. दुपार कलली. त्यांना न्हाणीत नेताना मी पुढं काठी आपटत चाललो होतो आणि आईवर मनातल्या मनात चरफडत होतो. सांगून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. उंदीर ऐकतात.

जेवल्यावर दादांचा डोळा लागला. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला, म्हणून मी अंगणात गेलो.

"मुलगी झाली," तो म्हणाला.

"मुलगी झाली?" मी मोठ्यानं म्हणालो. डोळ्यांत पाणीच आलं. लगेच म्हणालो, "आईला दे."

आईनं बाळाचं नाक कुणावर गेलं ते आधी सांगितलं. मी मध्येच विचारलं, "आई, चौथा सापळा कुठंय?"

"हळू बोल की. फोनवर नाव कशाला घेतो?"

"आई, दादांचे पाय..."

"आरं, मला काय ध्यान न्हाई का त्यांच्या पायाचं?" तिनं आवाज आणखी खाली आणला. "सैपाकघरात हाय. ओट्याखाली, पिठाच्या डब्याला लागून. जातेत का ते कधी तिकडं?"

सकाळपासून जीव टांगणीला लागला होता, तो एकदाचा जागेवर आला. खरंच की. चारही सापळे तिनं दादांची पावलं चुकवूनच ठेवले होते आणि मी वेड्यासारखा त्यांच्याच वाटेवर रांगत बसलो होतो. मला हसू यायला लागलं. पलीकडं आईही हसत होती.

आणि आत खट् झालं. मागोमाग पत्रा वाजला.

"आला बरं का," आतून दादांचा आवाज आला. "पिठाच्या डब्यापाशी. साय आपली."

मी धावलो. फोन हातातच होता. दादा ओट्याला टेकून उभे होते. वरणाच्या पातेल्यात त्यांनी चहा टाकला होता आणि ते तो पळीनं ढवळत होते. "मुलगी झाली म्हणलास ना? तू बी सकाळपासून काठी घेऊन फिरून राह्यला. म्हणलं, घोटभर चहा करावा तुला."

बायका ओट्यापाशी पाऊलभर मागं उभ्या राहतात. दादांना ते कुठून माहीत असणार? त्यांची बोटं ओट्याखाली गेली होती. उजव्या पायाच्या तीन बोटांवर सापळा मिटला होता आणि फळीखालून रक्त फरशीवर येत होतं. ते ढवळतच होते.

मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मी बघत होतो तिकडं खाली पाहिलं. पळी थांबली.

"मला कळलं न्हाई रे," ते म्हणाले.

ते ओरडले असते, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या, तर मी देवाचे आभार मानले असते. मी गॅस बंद केला, त्यांना धरून खाली बसवलं आणि दोन्ही हातांनी स्प्रिंग उचलली. त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. दुखत नव्हतं, भीती वाटत होती. फोन बाजूला पडला होता आणि त्यातून आई विचारत होती, काय झालं, बोलत का न्हाईस.

मी फोन कानाला लावला. "आई, दादांनी चहा टाकला होता."

पलीकडं कुठंतरी बाळ रडत होतं.

"कोणता पाय?" तिनं विचारलं.

"चांगला," मी म्हणालो.