पाटाच्या वरचा ऊस

मित्रांनो, माझ्या कादंबरीतलं गाव कल्पित आहे, पण त्याचा नकाशा मी फूटपट्टी लावून काढलाय. आज तो घेऊन राहुरीला एका निवृत्त पाटकऱ्यांकडे गेलो. कालव्याचं पाणी शेतांना वाटण्यात त्यांची हयात गेली.

त्यांनी आधी मलाच न्याहाळलं. "कुनाची तक्रार करायचीय?"

"काका, हे गाव खरं नाही."

"मग पाट एवढा मोजून कशाला काढलाय?" त्यांनी बोट ठेवलं. "अन् पाटाच्या वरच्या अंगाला ह्यो ऊस कुनाचा?"

"नायकाचा. पाणीचोरांशी भांडणारा सरळ माणूस आहे."

"पानी वर चढत न्हाई, सायेब. विहीर तर तुमी दाखवली न्हाई. पाटात गुपचूप मोटर टाकल्याबिगर ह्यो ऊस जगायचा न्हाई."

तीन वर्षं लिहितोय. तपशिलात मला कोणी पकडू शकत नाही, असं मीच सांगत फिरायचो.

घरी येऊन पाट खोडायला रबर घेतलं. त्याआधी नायकाचं ग्रामसभेतलं भाषण पुन्हा वाचलं. चार पानं तो दुसऱ्यांच्या चोऱ्या मोजतो, स्वतःच्या पाण्याबद्दल एक शब्द नाही.

आता मला त्याचाच संशय येतोय. तुम्ही काय केलं असतं? पाट सरकवला असता, की त्याची मोटर शोधली असती?