दारूच्या दुकानाचं मागचं दार

बियाण्याच्या दुकानात माणूस येतो बी घ्यायला आणि जाताना किस्सा सांडून जातो. माझं दुकान तळोद्याच्या बाजारगल्लीत, तेव्हा असले किस्से माझ्याकडे पोत्यांनी पडलेत. पण मागच्या गल्लीत राहणाऱ्या नानाभाऊंनी दारूच्या दुकानाच्या लायसनसाठी अर्ज टाकला, तेव्हा जेवढे जमले तेवढे कधीच नाही!

जागा माझ्या बरोबर समोर. शेजारी मुलींची शाळा. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या बाया जीप भरेपर्यंत माझ्याच ओट्यावर टेकतात. समोर बाटली उघडली की त्यांचं बसणं संपलं! म्हणून हरकतीचा कागद मीच लिहिला.

पहिली सही मागायला रिटायर्ड गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी आधी खिडकी लावून घेतली. म्हणाले, "शेठ, समाजासाठी सही देतो. फक्त नानाभाऊंना दाखवू नका!"

म्हणजे विरोध करायचा, पण ज्याला करायचा त्याला कळू द्यायचा नाही. वा रे समाज!

बायांनी मात्र भर बाजारात अंगठे उठवले. नानाभाऊ तणतणत ओट्यापाशी आले. चारोळी विकणाऱ्या सोनीबाईला म्हणाले, "तुम्ही त घरनी मोहानी दारू पितस ना? मंग हाई बोंब काबर?"

सोनीबाई टोपली आवरत म्हणाली, "आमची आधी देवाला चढते. तुमची कोणत्या देवाला चढवणार, भाऊ?"

नानाभाऊंनी चारोळीचा भाव विचारला आणि न घेताच निघाले.

शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत दारूचं दुकान चालत नाही, म्हणून मग मोजणी झाली. शाळेच्या फाटकापासून दुकानाच्या दारापर्यंत टेप लावला, अंतर कमी भरलं. मी खूश! आठ दिवसांत नानाभाऊंनी पुढचं दार विटा लावून बुजवलं आणि मागच्या गल्लीत नवं फोडलं. आता टेप सगळ्या गल्लीला वळसा घालून गेला. अंतर भरलं!

"कशी डोकॅलिटी, शेठ?" नानाभाऊ मिशीत हसले. "मांगे कोणले तरास व्हई?"

सुनावणीत साहेबांसमोरही तोच तोरा. "साहेब, या समदा पुढली गल्लीना लोके. मांगली गल्लीनी एक तरी हरकत शे का?"

साहेबांनी गठ्ठ्यातून एक कागद काढला. "एक आहे. बाई हजर आहेत."

शिपायाने हाक मारली. पदर सावरत आत आल्या त्या नानाभाऊंच्या मंडळी!

"साहेब, हाई दार मन्हा वट्टाना समोर उघडस. मन्ही पोर तठूनच शाळाले जास," त्या म्हणाल्या. "पहिलं दार चांगलं व्हतं!"