पिठावरचं पाऊल

बाबा गेले त्या सकाळी त्यांचं आणि आईचं वाजलं होतं. कारण चिल्लर, आता तिलाही आठवत नाही. बाबा चहा न घेताच संत्र्याच्या बगीच्यात गेले आणि दहाच्या सुमारास तिथेच एका झाडाखाली कोसळले. मी अकोल्याहून शेंदूरजनाघाटला माहेरी पोचले तोवर आईच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: माणूस उपाशी गेला. म्हणून तीही जेवत नव्हती.

आईला साखर आहे. रोज दोन वेळा पोटात इंजेक्शन. ते घेऊन खाल्लं नाही तर ती घामाघूम होऊन पडते, आणि घेतलंच नाही तर साखर चढते. नऊ दिवस मी तिच्यामागे वाटी घेऊन फिरले. दोन घास वरणभात, कधी अर्धं केळं, त्यापुढे नाही. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते, पण माहेरी माझ्या शिकवण्याला कोणी विचारत नाही. मी समजावलं, ओरडले, एकदा तर वाटी आपटली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "ते कुठी गेले, कोन्या जन्मात गेले, तेवढं समजू दे. मंग जेवीन मी."

हे समजून घ्यायची एक रीत आमच्याकडे आहे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणसाला शेवटचं जिथे निजवलं होतं त्या जागी ज्वारीचं पीठ चाळून पसरतात. शेजारी दिवा लावतात, पिठावर टोपली पालथी घालतात आणि खोलीला कडी लावतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जो ठसा दिसेल, त्या जन्मात जीव गेला. पाखराची नखं, गाईचा खूर, मुंगळ्याची रेघ, काहीही.

पीठ आईनेच चाळलं. त्या संध्याकाळी साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा पाहून माझा भाऊ तिला अमरावतीला न्यायला गाडी काढायला निघाला, तर तिने दाराची चौकट धरली. "सकाळी पाह्यल्याबिगर मी घरातून हालत नाही," म्हणाली. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? पिठावर काहीच उमटलं नाही तर ही बाई जेवणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पाल चालून गेली तर काय होईल, याचा तर विचारच करवत नव्हता.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. त्या खोलीची कडी काढली, टोपली उचलली, उजव्या हाताची मूठ आवळली आणि करंगळीकडची बाजू पिठावर टेकवली. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले. महालक्ष्म्यांच्या सणाला दारापासून देवघरापर्यंत आम्ही अशीच पावलं काढतो, आणि मला ती आईनेच शिकवली. इवलंसं पाऊल झालं. टोपली जागेवर ठेवली, हात ओढणीला पुसला आणि गॅसवर चहा ठेवला.

सकाळी आई पिठाजवळ गुडघे टेकून बसली. बराच वेळ बसली. आपण शिकवलेली मूठ तिने ओळखली नाही, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. "लेकराचं पाऊल हाय," ती म्हणाली. मग मान वर करून तिने दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे, माझ्या भावाच्या बायकोकडे पाहिलं. वहिनीला सातवा महिना होता. "घरातच येऊन राह्यले," आई म्हणाली आणि तिने भाकरी मागितली. झुणक्यासोबत दीड भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलंही नाही.

बाबांच्या बाबतीत वहिनीचा अनुभव आमच्यापेक्षा वेगळा होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण ते तिच्याशी एकदाही थेट बोलले नाहीत. "तिले सांग, भाजी खारट झाली," असं आईला सांगायचे, वहिनी समोर उभी असताना. एकदा त्यांनी ताट भिरकावलं आणि तिने भाताचं शीत न् शीत वेचलं. अंगणात त्यांचा खोकला ऐकू आला की तिचा पदर कपाळापर्यंत यायचा. बाबा गेल्यावर ती रडली. पण तिचा श्वास मोकळा झाला होता हेही मी पाहिलं होतं, आणि मनातल्या मनात तिला माफ केलं होतं. जसं काही माफ करायचा हक्क माझाच होता.

पुढचे दोन महिने आई वेळेवर जेवली. बाबांची जुनी मऊ धोतरं फाडून तिने बाळाची दुपटी केली. वरुडच्या दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, आता आई काय म्हणेल? आईने बाळ हातात घेतलं, उजेडाकडे नेऊन निरखलं. "बाई होऊन आले," म्हणाली. "येऊ द्या. आता तरी समजन त्याइले." आम्ही सगळे हसलो. आई त्या चिमुरडीला अहो-जाहो करायला लागली. "भूक लागली काय तुमाले?" आम्ही आणखी हसलो. वहिनी हसली नाही.

आठव्या दिवशी भावाचा शाळेत फोन आला, "ताई, बाळ दूध पिऊन नाही राह्यलं, तू ये." मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. वहिनी मागच्या खोलीत तापाने फणफणली होती, दुधाने छाती दगडासारखी झालेली, चोळी भिजलेली. घरी आल्यापासून बाटलीवर असलेलं बाळ आता तीही तोंडाबाहेर ढकलत होतं. त्याचं रडणं इतकं बारीक झालं होतं की कान द्यावा लागत होता. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, दूध भरपूर आहे, बाळाला छातीशी घ्या, संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही तर अमरावतीला भरती करा. मी बाळ उचलून वहिनीच्या मांडीवर दिलं. तिने डोक्यावर पदर ओढला आणि बाळ पुन्हा खाली ठेवलं.

"काहून, वहिनी? काय झालं?"

ती एकदम म्हणाली, "ताई, तुमीच सांगा, मी सासऱ्याले कसं पाजू?"

मी तिचा हात धरला, म्हटलं, ते पाऊल मी काढलं होतं, आई जेवावी म्हणून. तिने मान हलवली. "मी पाजलं पायजे म्हणून तुमी असं म्हणून राह्यल्या." मी शपथ घेतली. "मंग आईच्या समोर काढून दाखवा," ती म्हणाली. "त्याइनं म्हटलं नाही, तर मी कशी मानू?"

बाहेर आईने नुकतंच इंजेक्शन घेतलं होतं. तिचं ताट वाढलेलं होतं. आता सांगितलं आणि तिने ताट सारलं तर तासाभरात ती आडवी होणार. थोडं थांबावं, तिचं जेवण होऊ द्यावं, असा विचार मी केला. तेवढ्यात बाळाचा आवाज थांबला. मी वाकून पाहिलं. तोंड उघडंच होतं, रडायची ताकद संपली होती. मी पिठाचा डबा उचलला, आईला हाक मारली आणि परातीत पीठ पसरून तिच्यादेखत मूठ टेकवली. पाच ठिपके दिले.

"तेही म्याच काढलं होतं, आई. तू जेवत नव्हती म्हणून."

वहिनीने परातीकडे पाहिलं, मग आईकडे. आईने नाही म्हटलं नाही. वहिनीने बाळ उचललं, आमच्याकडे पाठ केली आणि डोक्यावरचा पदर खाली पाडला. एकदोनदा बाळाचं तोंड निसटलं. मग घुटके घेतल्याचा आवाज यायला लागला. मी जमिनीवरच बसले.

आई परातीसमोरच होती. मी तिला म्हटलं, "जेवून घे आता, तुझ्या पाया पडते."

"जेवतोच हाय," ती म्हणाली, पण उठली नाही. बोट त्या पावलाच्या कडेने फिरवत राहिली. "तू मूठ टेकवाच्या पह्यले तिथं काय होतं?"

"कुठं?"

"पिठावर. टोपली तू उचलली ना? तवा काय होतं?"

मी शाळेत मुलांना रोज सांगते, आधी नीट बघा, मग वहीत लिहा. त्या पहाटे मी टोपली उचलली तेव्हा दिवा मिणमिणत का होईना, तेवत होता. पण माणूस मेला की संपला, तिथे काही असणारच नाही, हे मी कडी काढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मी पिठाकडे पाहिलंच नाही. सरळ मूठ टेकवली.

"मी पाहिलं नाही, आई."

तिने परातीतलं पीठ हाताने सारखं केलं आणि डब्यात परत ओतलं. मग ताटाशी जाऊन बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून कितीतरी वेळ हातातच धरून राहिली.

"पाहाले पायजे होतं व," ती म्हणाली, आणि तो घास तिने खाल्ला.