करुणाच्या गळ्यातला पोरगा

मी संशयी हाय. आख्ख्या गल्लीला ठाऊक हाय, आन मला त्याची लाज न्हाय. भाजीवाल्यानं मूठभर कोथिंबीर फुकट टाकली तरी मी विचारते, का रं बाबा, आज एवढा दिलदार का झालास? अंगणवाडीत आयुष्य गेलं माझं. कोणतं पोरगं खरं रडतंय आन कोणतं खाऊसाठी, ते बघता बघताच डोळ्याला ही सवय लागली.

करुणा माझ्या दिराची पोरगी. दीर म्हंजे रामभाऊ, निरवांगीला ऊस करतात. पोरगी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकली. आता बँकेच्या न्हाय तर सरकारी परीक्षा देईल, असं सगळं घर धरून चाललं व्हतं. तर ही एक दिवस इंदापुरात माझ्या दारात बॅग घेऊन हजर.

"काकी, निरवांगीला नेट टिकत न्हाय. तुझी मागची खोली देतीस का? काम मिळालंय."

"कसलं काम?"

"बोलायचं."

मी म्हणलं, बोलायचे पैसे कोण देतंय गं? आमी तर जन्मभर फुकट बोललो.

खोली दिली. एकटीच्या घरात सोबत झाली, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच आठवड्यात हिनं पाहुण्यारावळ्यांकडनं जुन्या गोधड्या गोळा केल्या आन चारी भिंतींना ठोकल्या. खिडकीवर गोधडी, दाराला आतनं गोधडी. दार लावून घ्यायची आन आतनं आरडाओरडा. कधी हुंदके, कधी कोण कुणाला बडवतंय असं. आन मधेच एका पोरग्याचा आवाज. चांगला बारा-तेरा वर्षांचा पोरगा, फाडफाड इंग्रजी बोलणारा.

माझं डोकंच फिरलं. दारातल्या चपला बघितल्या, तर हिच्याच. मागच्या बाजूला जाऊन भिंतीवरनं कोण उडी मारतंय का ते बघितलं. जेवायला बसल्यावर मुद्दाम दोन भाकरी जास्त वाढल्या, आत नेती का ते बघायला. न्हाय नेल्या. मग मात्र मी रामभाऊंना फोन लावला. म्हणलं भाऊजी, या, तुमची पोरगी खोलीत कुणाला तरी ठेवून बसलीय.

ते बिचारे उसाला पाणी देत व्हते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, तसेच मोटरसायकलवर आले. दार वाजवलं. करुणानं उघडलं. घामानं निथळलेली, कानाला हेडफोन. आत माईक, लॅपटॉप, आन लॅपटॉपवर केस ताठ उभे असलेलं एक चितारलेलं पोरगं. बाकी कोण न्हाय. मी तरी कॉटखाली वाकून बघितलंच.

"काकी, तोच हाय तो," ती म्हणाली, आन तिच्या तोंडातनं त्या पोराचा आवाज निघाला. रामभाऊंनी लॅपटॉपच्या मागं डोकावून बघितलं.

मग तिनं समजावून सांगितलं. जपानी लोक ही कार्टूनं काढतात, त्यांच्या भाषेत बोलतात. ज्यांना इंग्रजीत बघायची त्यांच्यासाठी सगळं नव्यानं इंग्रजीत बोलावं लागतं. पोरांचे आवाज बऱ्याचदा बायाच काढतात, कारण पोरगा वयात आला की आवाज फुटतो, बाईचा हाय तसा राहतो. चित्रातल्या पोरानं तोंड उघडलं की आपण बोलायचं, मिटलं की गप. पुण्याची एक कंपनी काम धाडते, ही हितनं बोलून परत पाठवते. गोधड्या बाहेरचा आवाज अडवायला.

रामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आन विचारलं, "पेन्शन हाय का ह्याला?"

तवापासनं मीच तिची राखण करायला लागले. ती बोलत असली की कुकर लावायचा न्हाय. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत रस्त्यानं जातात, एक गेला की तिचं सगळं बोलणं वाया. मी ओट्यावर बसायची, ट्रॅक्टर दिसला की दारावर टकटक करायची. ती थांबायची, पाणी प्यायची, परत पहिल्यापासनं. आधी तिला गर्दीतली कामं मिळाली. बाजारात ओरडणारी बाई, वर्गात हसणारी पोरं. एकदा तर दिवसभर नुसतं बेशुद्ध पडायचा आवाज काढला. मग हा मोठा पोरगा मिळाला, केई नाव त्याचं. आईबाप नसलेला, आज्याबरोबर राहणारा. भाग संपला की शेवटी इंग्रजीत नावं पळायची. मी तिला थांबवायला लावायची आन करुणाचं नाव बोट ठेवून बघायची. लई बरं वाटायचं. निरवांगीत रामभाऊ पेन्शनचं विसरून पारावर मोबाईल दाखवत फिरायचे.

आता ऐका. कंपनीत सुयश म्हणून एक व्हता, काम वाटून देणारा. एरवी दोन शब्दांत बोलणारा माणूस. त्या दिवशी फोनवर लई गोड. म्हणाला, करुणा मॅडम, नवीन माईकसाठी आवाजाची थोडी तपासणी करायचीय. वाक्यं पाठवतो, आधी तुमच्या साध्या आवाजात आन मग केईच्या आवाजात वाचा. त्याशिवाय हसण्याचे प्रकार, रडण्याचे प्रकार, खोकला, उचकी, दम लागणं, सगळं केईच्या आवाजात द्या.

मी तिच्या दाराबाहेर शेंगा निवडत बसले व्हते. तीन दिवस हे चाललं. तिनं पाणी प्यायला दार उघडलं तवा लॅपटॉपकडं बघितलं, तर पडदा कोरा. नुसती वाक्यं, आगा न्हाय पिछा न्हाय.

मी म्हणलं, "चित्र कुठं हाय?"

"तपासणी हाय काकी."

"पोरगं समोर न्हाय तर त्याचं रडणं कशाला पायजे? ठेवून घेणार व्हय? करुणा, हा माणूस बरा न्हाय. देऊ नको."

ती वैतागली. "काकी, तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. ह्याच खोलीत तू पोरगा शोधत व्हतीस."

झालं. रागानं शेंगांचं सूप उचललं आन आत निघून गेले. तिनं सगळं रडून, हसून, खोकून पाठवून दिलं.

त्यानंतर काम आलंच न्हाय. सुयश म्हणायचा, केईचे पुढचे भाग लांबलेत. मग फोन उचलेना. एक दिवस दुपारी आमी जेवत असताना तिच्या मोबाईलवर केईचा नवीन भाग आला. आज्जा मरतोय आन केई त्याचा हात धरून रडतोय. करुणाच्या हातातला घास तसाच. मी म्हणलं, किती गं चांगलं रडलीस.

"हे मी बोललेच न्हाय," ती म्हणाली.

शेवटी नावं पळाली. मी बोट ठेवायला गेले, तर नाव न्हाय.

दुसऱ्या नंबरवरनं तिनं सुयशला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, आता तुमचा आवाज काढून मशीनच केईचं बोलतं, त्याला तुम्हीच परवानगी दिली होती, वाक्यं उघडण्याआधी हो दाबलं होतं." तिला आठवेना. असं हो तर ती रोजच दाबायची. रामभाऊ म्हणाले वकील करू. वकिलानं मान हलवली. मला वाटलं व्हतं, माझं खरं ठरलं की मी तिला चार शब्द सुनावीन. पण कुठलं काय. पोरगी गोधड्या उतरवत व्हती आन मी खिळे गोळा करत व्हते.

ती म्हणाली, "काकी, केईचं सोड. त्यांनी माझं साधं बोलणंपण घेतलंय. आता माझ्या आवाजात ते काय बी बोलवून घेऊ शकतात. तुला फोनसुद्धा."

आता ती बारामतीत एका शाळेवर इंग्रजी शिकवते. तितंच खोली घेऊन राहते. परवा दुपारी फोन आला, नंबर नवीन.

"काकी, जय भीम. जेवलीस का?"

आवाज तिचाच. मी म्हणलं, "कोण बोलतंय?"

"अगं मी, करुणा."

"कशावरनं?"

मागं मी असं काय विचारलं की ती खो खो हसायची. आता हसली न्हाय. म्हणाली, "थांब, कॅमेरा लावते."